हातचा न घेता

पंतनगरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे मामा (ते माझे मामा नव्हेत, ज्या एका भाच्यामुळे ते मामा झाले, त्याच्यापेक्षा आम्हा शेजाऱ्यांनीच ती उपाधी अधिक वापरून झिजविली आहे) एका निमसरकारी कचेरीच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षे काढून निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्या, शिक्का आणि खतावण्या त्यांनी रीतसर पावती घेऊन परत केल्या असल्या, तरी आकड्यांकडे पाहण्याची कारकुनी नजर परत करण्याचे त्यांना कोणी फर्माविले नाही, आणि त्यांनीही ती आपण होऊन जमा केली नाही. भाचा अंधेरीस राहतो, एका महाविद्यालयात गणित शिकवितो, आणि गणित म्हणजे आकडेमोड नव्हे हे विद्यार्थ्यांना, पालकांना, सोसायटीच्या कार्यकारिणीला आणि विशेषेकरून मामांना पटवून देण्यात त्याच्या आयुष्याची पंधरा वर्षे खर्ची पडली आहेत.

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी डोंबिवलीस त्यांच्या नात्यातल्या मुलीचा साखरपुडा होता, आणि शेजारधर्माने आमंत्रण मलाही होते. भाचा मेट्रोने अंधेरीहून घाटकोपरला आला, मामा आणि मी पायी स्थानकावर गेलो, आणि कल्याणकडे जाणाऱ्या धीम्या गाडीत, वार रविवार आणि वेळ दुपारची असल्यामुळे, आम्हा तिघांना समोरासमोर बसावयास मिळाले. विक्रोळी येण्यापूर्वीच मामांनी खिशातून आपली रोजनिशी काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि एक पान उघडून ते भाच्यापुढे धरले. ज्या ठसठशीत हस्ताक्षरात एके काळी शेकडो माणसांची पगारपत्रके लिहिली गेली, त्याच हस्ताक्षरात तेथे एकच संख्या होती: १२३४५६७८९८७६५४३२१.

"वाच," मामा म्हणाले.

"एक ते नऊ आणि नऊ ते एक."

"ही परवचा झाली. संख्या वाच."

भाच्याने उजवीकडून स्वल्पविराम देण्यास प्रारंभ केला, आणि अब्जाच्या पुढे तो थबकलेला पाहून मामांना जो आनंद झाला तो लपविण्याचा त्यांनी यत्किंचितही प्रयत्न केला नाही. "तुम्हा लोकांची संख्यावाचने कोटीशी संपतात," ते म्हणाले, "भास्कराचार्याची परार्धाशी संपत होती. ऐक. मध्याच्या घरात एक, अंत्याच्या घरात दोन, जलधीत तीन, शंकूत चार, महापद्मात पाच, निखर्वात सहा, खर्वात सात, अब्जात आठ, आणि अर्बुदाच्या घरात नऊ. हे शिखर. आता उतरण: कोटीत आठ, प्रयुतात सात, लक्षात सहा, अयुतात पाच, सहस्रात चार, शतात तीन, दहंमध्ये दोन, एकंमध्ये एक. सतरा घरे. अठरावे घर परार्धाचे, ते मोकळे आहे."

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाची तजवीज केल्याचे नमूद आहे, त्या भास्कराचार्याने 'लीलावती'त स्थानांची अठरा नावे दिली आहेत हे मला ठाऊक होते. परंतु ती नावे पाठ असलेला मनुष्य मी त्या दिवशी प्रथमच पाहिला, आणि तोही गाडीत, खांद्याला कुणाच्या तरी छत्रीचे पाणी लागत असताना.

"सुंदर," भाचा म्हणाला. त्याच्या तोंडचा हा शब्द स्तुतीचा असतोच असे नाही. "पण ही नऊ एकांचा वर्ग आहे. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा, गुणिले तितकेच. शाळेतल्या मुलांनाही हे माहीत असते."

"मुलांना माहीत असते ते एवढेच. मधला नऊ बाजूला काढ. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे उरले ८७६५४३२१. दोहोंची बेरीज कर."

बेरीज करावी लागली नाही. एक आणि आठ, दोन आणि सात, तीन आणि सहा, अशा जोड्या डोळ्यांसमोरच लागत गेल्या आणि उत्तर आठ नवांचे आले. "म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून मधल्याचीच साक्ष दिली," मामा म्हणाले. "१६५ घे: एक आणि पाच मिळून मधला सहा. २५५३ घे: दोन आणि तीन मिळून पाच, आणि मध्ये पाचच बसलेले. अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणतात, आणि आपण आज जेथे उतरणार आहोत ते ते डेमलो."

येथे भाच्याच्या आणि मामांच्या संवादाला क्षणभर बाजूस ठेवून वाचकांस थोडा तपशील सादर करणे अवश्य आहे. या डेमलो संख्यांची कल्पना ज्यांना सुचली, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले, जेथे १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांनी मिळविले. पुढे पदव्युत्तर शिक्षण त्यांना घडले नाही, आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. मुंबईपासून तीस मैलांवरच्या ज्या स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, त्या स्थानकाचे तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचे नाव डेमलो. आजची डोंबिवली ती हीच. नऊ एकांच्या वर्गासारख्या, केवळ एकांच्याच वर्गातून निघणाऱ्या संख्यांना त्यांनी 'अद्भुत डेमलो' असे वेगळे पद दिले, आणि १९३९ साली गुंजीकर यांच्यासमवेत या संख्यांची उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. हयातीत बहुतेक काळ विद्वान मंडळींनी त्यांच्याकडे एक छांदिष्ट मास्तर म्हणून पाहिले. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा आपल्याकडील अनेकांना अकस्मात त्यांच्याविषयी आदर वाटू लागला. आपल्या आदराला परदेशाचा शिक्का लागतो हे काही नवे नाही.

"कापरेकर मास्तरांविषयी मला आदर आहे," भाचा म्हणाला, आणि त्याचा आदर गार्डनरच्या शिक्क्यावाचूनचा असावा असे मानण्यास हरकत नाही, "भीती वाटते ती त्यांच्या भक्तांची. मामा, तुम्ही या संख्येविषयी जे बोललात त्यातले एकही अक्षर संख्येविषयी नाही. ते तिच्या लिहिण्याविषयी आहे. आपल्याला हाताला दहा बोटे, म्हणून आपण दहाच्या पटीत घरे मांडली. त्या घरांत ही संख्या एक ते नऊ चढून उतरते. बोटे आठ असती तर? मग आठाच्या पटीत घरे, सातच्या पुढे अंकच नाही. तेथे नऊ एकांचा वर्ग असा देखणा निघणार नाही. तेथे सात एकांचा वर्ग निघेल, एक ते सात आणि सात ते एक. आठाच्या घरांतले ते सात एक म्हणजे आपल्या लिहिण्यातले २,९९,५९३. त्याचा वर्ग किती, सांगू?"

त्याने भ्रमणध्वनी काढून मामांसमोर धरला: ८९,७५,५९,६५,६४९.

"पाहा. आठ बोटांच्या माणसाला ही संख्या देवळाचे शिखर वाटेल, आणि तुम्हाला ती विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक वाटते. संख्या तीच आहे. मग सौंदर्य कोणाचे? घरांचे. गणितज्ञ हार्डी यांनी १९४० साली लिहिले ते हेच. ८७१२ हे २१७८ च्या चौपट, ९८०१ हे १०८९ च्या नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात कोडे म्हणून छापावे असे, पण गणितज्ञाला त्यात काही नाही."

"आठ बोटांच्या लोकांचे शिखर आठ बोटांच्या लोकांनी पाहावे," मामा शांतपणे म्हणाले. भांडुप आले होते; काही माणसे उतरली, काही चढली, आणि मामांनी पाय आत घेऊन एका पिशवीला जागा करून दिली. "मी चौतीस वर्षे लिहिण्यावरच काढली. संख्या काय असते ते मी पाहिले नाही. मी दप्तर पाहिले. दिवसअखेर रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ बसेना, फरक पडे २७० चा. साहेब म्हणत, फेरतपासणी करा, सगळी पाने चाळा. मी पाने चाळीत नसे. फरकाला नऊने भाग जातो का ते आधी पाही. गेला, म्हणजे कोणीतरी शेजारशेजारचे दोन अंक उलटे लिहिले. ४,५८२ च्या जागी ४,८५२. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत पडतो. मग तेवढाच प्रकार शोधायचा. रात्री आठाऐवजी सहाला घरी जाता येई. आता मला सांग, लिहिण्यात काही नसते, तर हे कसे घडे?"

"घडे, कारण दहातून एक वजा केला की नऊ. आठाच्या घरांत हेच काम सात करील."

"करू दे. पण माझ्या कचेरीत नऊच करीत असे."

मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो की भाच्याचे म्हणणे मला तर्काच्या अंगाने निरुत्तर करणारे वाटले. एखाद्या संख्येचा गुण आणि तिच्या लेखनाचा गुण यांत अंतर आहे, हे एकदा डोळ्यांसमोर आल्यावर मागे घेता येत नाही, आणि मामांनीही ते नाकारले नाही. त्यांनी फक्त आपले घर कोणत्या बाजूला आहे ते सांगितले. तथापि, माणसाला संख्या भेटते ती लिहिलेलीच भेटते. न लिहिलेल्या संख्येशी व्यवहार करण्याची सिद्धी प्राध्यापकांना असेल. मला तरी किराणा दुकानदाराने ती कधी दिलेली नाही.

"आणि ही तुमची आवड जाते कोठे ते पाहा," भाचा थांबावयास तयार नव्हता. "वाहनाच्या क्रमांकातले अंक मिळवून नऊ आले पाहिजेत म्हणून लोक परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरतात. तुमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, त्याची पुन्हा बेरीज नऊ. उद्या कोणीतरी हिचा ताईत करून विकेल."

यावर मात्र मामा रागावले. त्यांच्या रागाची रीत अशी की ते आवाज चढवीत नाहीत, तपशील वाढवितात. नवाच्या पटीतल्या कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज शेवटी नवावरच येते, त्यात भाग्य नाही, ताळा आहे, आणि ताळ्याला नशीब समजणाऱ्या माणसाला आपण आपल्या खात्यात उमेदवार म्हणूनही घेतले नसते, असे त्यांनी क्रमाने सांगितले. "८१ आली ती का आली, ते मला ठाऊक आहे," ते शेवटी म्हणाले. "तू सांगतोस की मी सांगू?"

"मी सांगतो," भाचा म्हणाला, कारण शिकविण्याची संधी त्याच्याने सोडवत नाही.

त्याने रोजनिशीचे कोरे पान घेतले आणि हलत्या गाडीत, वाकड्यातिकड्या अंकांनी, नऊ एकांची ओळ लिहिली; तिच्याखाली तीच ओळ एक घर डावीकडे सरकवून, तिच्याखाली आणखी एक घर सरकवून, अशा नऊ ओळी. नाहूर मागे पडले आणि मुलुंडचा फलाट सुरू झाला तोवर पानावर एकांची एक तिरपी चाळ उभी राहिली होती. "गुणाकार म्हणजे एवढेच," तो म्हणाला. "आता उभ्या रांगांत एक मोजा. अगदी उजवीकडच्या रांगेत एकच एक. पुढच्या रांगेत दोन. पुढच्या रांगेत तीन. मधल्या रांगेत नऊच्या नऊ ओळींचा एकेक, म्हणून नऊ. त्यापुढे पुन्हा एकेक ओळ संपत जाते. कोणत्याही रांगेत नवापेक्षा अधिक एक नाहीत, म्हणून हातचा कोठेच घ्यावा लागत नाही, आणि मोजणीचे आकडे जसेच्या तसे उत्तरात येऊन बसतात. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, एकूण एक्याऐंशी. अंकांची बेरीज म्हणजे पानावरच्या एकांची शिरगणती. गूढ काही नाही."

"गूढ आहे असे मी म्हटले नव्हते. आता दहा एक घे."

भाच्याने पेन्सिल थांबविली.

"दहा एकांचा वर्ग मी केला आहे," मामा म्हणाले, आणि मागचे पान त्यांनी उलटले. "मधल्या रांगेत दहा आले. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य ठेवले, एक हातचा घेतला. शेजारच्या नवात तो मिळविला, त्याचेही दहा झाले; तेथेही शून्य, पुन्हा एक हातचा. त्या पलीकडचा आठ त्याने नऊ झाला, आणि तेथे ओघ थांबला. उत्तर हे."

पानावर होते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला होता, शिखराच्या जागी दोन शून्ये बसली होती. उतरण मात्र नवापासून एकापर्यंत जशीच्या तशी होती.

"येथे तुझी शिरगणती कर," मामा म्हणाले. "दहा ओळी, दहा एक, पानावर एकूण शंभर एक लिहिले. उत्तरातल्या अंकांची बेरीज मात्र ब्याऐंशी. अठरा कोठे गेले?"

भाचा हसला. मी हसलो नाही, कारण अठरा कोठे गेले ते मला सांगता येत नव्हते, आणि गणितात नापास होण्याची भीती या वयातही पोटात तशीच उभी राहते असा त्या क्षणी मला प्रत्यय आला.

"हातच्यात गेले," मामाच बोलले. "हातचा घेताना एका घरातले दहा जातात आणि शेजारच्या घरात एक जमा होतो. दहा नावे, एक जमा. दर हातच्यामागे नवाची तूट. दोन हातचे, नऊ दुणे अठरा. शंभरातून अठरा वजा, ब्याऐंशी. पैसा बुडाला नाही, फक्त मोठ्या नाण्यात वटविला गेला. मी कचेरीत हेच केले. मला तुझ्या आठ बोटांच्या माणसांचा राग नाही, पण त्यांनाही कोठेतरी हातचा घ्यावाच लागेल ना? त्यांचे शिखर सातावर मोडेल, माझे नवावर मोडते. मोडते कोठे हे बोटांवर आहे. मोडते का, हे बोटांवर नाही."

भाच्याने काही उत्तर दिले नाही, आणि उत्तर न देण्याची ही त्याची पहिली वेळ असल्यामुळे मी संधी साधून इतिहासातली एक गोष्ट मध्ये घातली. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' लिहिला. ज्या राजकुळातल्या कृष्णराजाच्या नावाशी वेरूळचे कैलास लेणे निगडित आहे, ते हे कुळ. त्या ग्रंथात गुणाकाराची काही उदाहरणे मुद्दाम अशी घेतली आहेत की उत्तर गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावे. १,२३,४५,६७९ ला नवाने गुणावयाचे एक उदाहरण आहे. त्यातून आपले हे नऊ एकच निघतात. दुसऱ्या एका उदाहरणात २,७९,९४,६८१ ला ४४१ ने गुणावयास सांगितले आहे, आणि उत्तर येते १२३४५६५४३२१. त्याचे वर्णन आचार्यांनी एकापासून सहापर्यंत चढणारी व पुढे क्रमाने उतरणारी संख्या असे केले आहे.

"४४१ म्हणजे एकवीसचा वर्ग," भाचा तत्काळ म्हणाला, "आणि दुसरा ५,२९१ चा वर्ग असणार. पाच हजार दोनशे एक्याण्णव गुणिले एकवीस, एक लाख अकरा हजार एकशे अकरा. सहा एक." मग थोडा वेळ थांबून, जणू स्वतःशीच, "म्हणजे त्यांनी उत्तर आधी पाहिले आणि मग ते फोडून लपविले. मनुष्य रसिक होता."

"हार्डी यांना सांगा," मामा म्हणाले.

ठाण्याला गाडी बराच वेळ उभी राहिली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी येथवर आली होती, हे ठाण्याच्या फलाटावर मामा प्रत्येक वेळी सांगतात. त्या दिवशी त्यांनी त्यात भर घातली. १८५३ चे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाचे वजा करावयाचे, आणि जे उरेल त्यावर पुन्हा तोच प्रयोग: ७१७३, मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तेथून पुढे कितीही केले तरी ६१७४ च. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर केलेला हाच तो स्थिरांक. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले, सातापेक्षा अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येला लागत नाहीत. भाच्याने हे निमूटपणे ऐकले, पण गाडी सुटताच तो मूळ मुद्द्यावर आला, आणि यावेळी त्याच्या स्वरात वादापेक्षा दुसरे काहीतरी होते.

"मामा, तुमच्या संख्येविषयी बोटांवर अवलंबून नसलेले एक मी सांगतो. तिचे मूळ अवयव. तीन हा चार वेळा, सदतीस दोन वेळा, आणि ३,३३,६६७ दोन वेळा. आठाच्या घरांत लिहा, दोनाच्या घरांत लिहा, दगड मांडून मोजा, हे बदलणार नाही. ३,३३,६६७ ही स्वतः मोठी विलक्षण मूळसंख्या आहे. एकाला तिने भागले की दशांशात बरोबर नऊ अंकांचे आवर्तन सुरू होते, आणि असे नवाचे आवर्तन देणारी मूळसंख्या साऱ्या संख्यांत ही एकच. हो, दशांश आला, म्हणजे बोटे आली, मान्य. पण अवयव आले नाहीत. आता या संख्येला निःशेष भाग जाणाऱ्या संख्या एकूण किती, तेही यावरून निघते. तीन एकदाही न घेता, किंवा एक, दोन, तीन, चार वेळा घेऊन, असे पाच प्रकार, सदतीसचे तीन, उरलेल्याचे तीन. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. विभाजक पंचेचाळीस. ही आहे संख्येची खरी कुंडली."

"किती म्हणालास?"

"पंचेचाळीस."

मामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "पंचेचाळीसचा वर्ग?"

"दोन हजार पंच..." भाचा मध्येच थांबला, आणि त्याने कपाळाला हात लावला.

"दोन हजार पंचवीस. मधोमध तोड. वीस आणि पंचवीस. बेरीज पंचेचाळीस. ज्या संख्येचा वर्ग तोडून जोडला की तीच संख्या परत येते, तिला काय म्हणतात? कापरेकर संख्या म्हणतात. तुझ्या खऱ्या कुंडलीतही मास्तर बसले आहेत."

"तो योगायोग आहे, मामा. आठाच्या घरांत पंचेचाळीस लिहायचे तर ५५ असे लिहावे लागेल. त्या लिहिण्यात त्याचा वर्ग ३७५१, आणि ३७ व ५१ यांची बेरीज ५५ होत नाही. विभाजक पंचेचाळीस असणे हे खरे. पंचेचाळीसाने कापरेकरांच्या घरी जाणे हे पुन्हा लिहिण्याचे."

"योगायोग तर योगायोग. दप्तरात योगायोगाचीही आवक लागते."

"आणखी एक आहे," भाचा म्हणाला, आणि आता पेन्सिल त्याने आपण होऊन मागितली. "तुम्ही मधला नऊ बाजूला काढलात. तो उजवीकडे ठेवून पाहा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ९८७६५४३२१." त्याने बेरीज केली आणि नऊ नवांची ओळ लिहिली. "तुमची आठ नवांची होती, ही नऊ नवांची. कारणही आहे. एकावर नऊ शून्यांतून एक वजा केला की नऊ नव, आणि तुमच्या संख्येला त्या नऊ नवांनी निःशेष भाग जातो. भागाकार १,२३,४५,६७९, म्हणजे महावीराचार्यांच्या उदाहरणातलीच ती संख्या. आणि अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, भाग दिला तरी जातो. उत्तर त्याच संख्येचा वर्ग. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला मास्तर हर्षद संख्या म्हणत, हे मी विसरलेलो नाही."

"हे कोणाचे?" मामांनी विचारले. "संख्येचे, का लिहिण्याचे?"

दिवा मागे पडले होते. कोपरचा फलाट आला आणि गेला, आणि दाराशी उतरणाऱ्यांची दाटी होऊ लागली म्हणून आम्ही उठलो. भाच्याने उत्तर द्यावयाचे टाळले असे मी म्हणणार नाही. दाटीत उत्तर देता येण्यासारखी ती जागा नव्हती. डोंबिवलीच्या फलाटावर पाऊस थांबला होता. पाटीवर डोंबिवली हेच नाव होते. डेमलो हा शब्द तेथे मी शोधला, तो कोठेही लिहिलेला नव्हता.

जिन्याशी मामा थांबले आणि त्यांनी रोजनिशी पुन्हा उघडली. "ते अवयव येथे लिही," ते म्हणाले, "तुझ्या हाताने." भाच्याने भिंतीला वही टेकवून १२३४५६७८९८७६५४३२१ च्या खाली तीन चार वेळा, सदतीस दोन वेळा आणि ३,३३,६६७ दोन वेळा असे गुणाकाराच्या चिन्हांसह लिहून दिले. मामांनी ते तेथेच, जिन्यावरची वर्दळ बाजूने जात असताना, हाताने गुणून पाहिले. पाच-सात मिनिटे सहज लागली. मग त्यांनी खाली तारीख घातली, "ताळा जमला" असा शेरा मारला आणि आपली आद्याक्षरे केली. साखरपुड्याला आम्ही तिघेही उशिरा पोहोचलो.